तुला आमच्या बाजूला ओढताना

इद्रिस,

मरियमचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. परदेशातला नंबर दिसला आणि, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की शेवटी तूच हरलास. नऊ महिने आपण दोघं अडून बसलो होतो, आधी फोन कोण करतो म्हणून. मला वाटलं, जिंकलो. आवाज जरा कडक ठेवायचा असंही मी ठरवलं होतं. पलीकडून तुझी मुलगी हिंदीत म्हणाली, "काका, बाबा गेले. काल दुपारी."

शटर तसंच राहिलं. मी पायरीवर बसलो. सीताबर्डीत सकाळी असतो तसा सगळा पसारा मांडणं चालू होतं, कपड्यांचे ढीग बाहेर येत होते, कुणीतरी कुणाला बोहनीच्या आधी उधार नाही म्हणून सांगत होतं. मी मरियमला काय विचारलं असेल? विचारलं, "जेवले होते का?" पोर गोंधळली. म्हणाली, हो, जेवून ऑफिसात परत गेले, टेबलावर डोकं टेकून बसले, लोकांना वाटलं झोपलेत. तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माणसांनी तुला त्याच संध्याकाळी मातीत ठेवलं होतं. मी मात्र रात्री जेवून, आईचे पाय चेपून झोपलो होतो. तू जगात नाहीस, हे ठाऊक नसलेला तो एक दिवस मला अजून छळतो.

आज सतरा दिवस झाले. तू कुठल्या हुद्द्यावर होतास, किती वर्षं नोकरी केलीस, हे तुझ्या देशातल्या कागदांत असेल. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडण मिटवायचं आहे आणि आता ते एकट्यानंच मिटवावं लागणार आहे.

तुझ्या बेटावरून तू नागपुरात आलास तोच चुकून. शिष्यवृत्तीच्या अर्जात तू समुद्रकाठचं शहर मागितलं होतंस, आणि दिल्लीतल्या कुणीतरी तुझ्या नावापुढे नागपूर लिहून टाकलं. आमच्या विणकरांच्या गल्लीत तू पत्र्याची पेटी घेऊन उभा राहिलास तेव्हा बाबा पुढच्या खोलीत मागावर बसले होते. भाड्याची वरची खोली पाहण्याआधी तू त्यांना तुझ्या सिनेमातून शिकलेल्या हिंदीत विचारलंस, इथून समुद्र किती लांब आहे? बाबांनी माग थांबवला, खरोखर विचार केला, आणि म्हणाले, "बाप्पा, इथून तर सगळ्याच बाजूनं सारखाच लांब."

आईला इद्रिस म्हणता येईना. तिनं तुझा इंद्रस केला आणि तू तीस वर्षं त्या नावाला ओ देत राहिलास. सावजी रस्सा पहिल्यांदा खाल्लास तेव्हा तुझ्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं की आई घाबरून म्हणाली, "याले गूळ दे गा लवकर." पुढच्या महिन्यात तूच मागायला लागलास. मटण तुझ्या धर्माच्या दुकानातून तू आणायचास, मसाला आमच्या घरचा, आणि एकाच पातेल्यात ते शिजायचं. त्यावर कुणी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. आईनं फक्त पिशवी घ्यायची आणि विचारायचं, "हाडं जास्त नाही ना दिली त्यानं?"

मराठी तू आमच्या गल्लीतच शिकलास. कॉलेजात पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी तुला कौतुकानं विचारलं, काय करतोस? तू म्हणालास, "मी अभ्यास करून राहिलो, सर." ते म्हणाले, हे काही मराठी नव्हे. तू अगदी निरागसपणे विचारलंस, "काहून नाही?" सगळा वर्ग बाकं बडवत होता. मला त्या दिवशी तू माझा आहेस असं वाटलं. हा "माझा" शब्द तेव्हापासूनचा, इद्रिस. त्यातच सगळी खोट होती असं आता वाटतं.

कन्हानला नेलं होतं मी तुला, आठवतं? पाणी दाखवायला. तू नदी पाहून हसला नाहीस, हे तुझं मोठेपण. कपडे काढलेस आणि मधोमध गेलास. मला पोहता येत नव्हतं. तू मला छातीभर पाण्यात उताणा झोपवलंस, पाठीखाली हात धरलास, आणि जरा हात काढताच मी तुझ्या गळ्याला मिठी मारली. दोघंही बुडालो. वर आल्यावर खोकत खोकत तू ओरडलास, "मले असं पकडू नको ना गा! तू मले ओढून राहिला, दोघंही जाऊ." मी त्या दिवशी तरंगायला शिकलो नाही. नंतरही नाही शिकलो.

तू परत गेलास, बंदरात नोकरीला लागलास, आणि वर चढत चढत कोणतं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार हे ठरवणारा माणूस झालास. इकडे बाबांचा माग बंद पडला. मी सीताबर्डीत दिव्यांचं, चार्जरचं दुकान टाकलं. माझ्या दुकानात येणाऱ्या खोक्यांपैकी दहातली आठ चीनची, हे तुला मीच हसत सांगायचो. तू म्हणायचास, "म्हणजे आमच्या बेटाच्या बाजूनंच गेली असतील. मी हात हलवला होता, दिसला का?"

मग मी आणि सुनंदा तुझ्याकडे आलो. ती आठ दिवसांची सहल आमच्या लग्नानंतरची पहिली आणि शेवटची. तू सुट्टी काढली होतीस, पण रोज सकाळी बंदरावर एक फेरी मारल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. एकदा मलाही नेलंस. लांबलचक नवा धक्का दाखवून म्हणालास, हा चीननं बांधून दिला. टेकडीवर गोल फिरणारं रडार दाखवून म्हणालास, ते तुम्ही दिलं. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र तिसऱ्याच देशाचं होतं.

मी विचारलं, "मग तुमचं काय आहे इथं?"

तू इकडेतिकडे पाहिलंस. "आमचं? वारा."

आपण दोघं हसलो. मग तू मला गोदामात नेलंस, पोत्यांचा वास घ्यायला लावलास. कांदा. आपल्याकडचा. "हे जहाज आठ दिवस उशिरा आलं ना, तर आमच्या इथल्या बायका नवऱ्यासंग बोलत नाही," तू म्हणालास. "कांदा, तांदूळ, औषधं तुमच्याकडून. धक्का, पूल, सिमेंट त्याईच्याकडून. आता सांग, मी कोणाले नाही म्हणू?"

मी तेव्हा काहीतरी मोठेपणानं बोललो. शेजारी कोण, दूरचा कोण, हे ओळखलं पाहिजे, असलं काहीतरी. तू वाद घातला नाहीस. धक्क्याच्या टोकाला तुझा चुलतभाऊ जाळं शिवत बसला होता, त्याच्याकडे नेलंस. नौदलांच्या मोठ्या करड्या जहाजांचा सराव झाला की मासेमारांना महिनाभर त्या बाजूला जाता यायचं नाही, आणि गेले तर जाळी फाटायची. मी विचारलं, कुणाच्या जहाजांनी फाडलं? तुझा भाऊ तुझ्याकडे पाहून काहीतरी बोलला आणि तू मला मराठीत सांगितलंस, "तो म्हणते, जाळं कोणाच्या पंख्यानं फाटलं हे पाण्यावर लिहिलं नसते."

हे सगळं मी पाहिलं होतं, इद्रिस. या डोळ्यांनी. तरीही.

गेल्या वर्षी ते जहाज आलं. समुद्राचा तळ मोजणारं, चीनचं. आमच्याकडे टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं. ते तळ मोजतं ते पाणबुड्यांसाठी, असं सगळे सांगत होते, आणि ते खोटं असेल असं मला आजही वाटत नाही. मग पडद्यावर एक फोटो आला. धक्क्यावर त्या जहाजाच्या कप्तानाशी हात मिळवणारा माणूस. त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. त्या गोलात तू होतास.

आमच्या दुकानाच्या ओळीत चहाची टपरी आहे, तिच्यासमोर बाक. तिथल्या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं तुझे किस्से सांगितलेले. माझा समुद्रातला दोस्त, नागपुरी बोलतो. दामूभाऊ, माझ्या शेजारच्या कापडाच्या दुकानाचे, त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "हाच ना गा तुहा दोस्त? हा तर तिकडं गेला." सगळे हसले. मीही हसलो. मग उठलो, दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो आणि तुला फोन लावला.

ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुलाही पाठ झालं असणार.

मी म्हणालो, "काय करून राहिला तू हे?"

"काय झालं गा?"

"टीव्हीवर दिसला तू. हात मिळवून राहिला त्या लोकाईसंग."

तू सुस्कारा सोडलास. "आलेल्या कप्तानाले हात मिळवाच लागते. सहा दिवस आधी तुमच्या देशाची गस्तीची नौका त्याच बंदरात होती. तिच्या कप्तानालेही मिळवला. तवा नाही कोणी फोटो दाखवला?"

"ते आपले आहेत, इद्रिस."

"आपले म्हणजे कोणाचे गा?"

मला राग आला तो याच प्रश्नाचा. मी म्हणालो, तू इथं जेवला, इथं शिकला, माझ्या आईच्या हातचं खाल्लं. तू म्हणालास, "म्हणूनच तुले सांगतो, दोन मिनिटं ऐक. हो म्हणायच्या आधी मी काय..." मी ऐकलं नाही. आपल्या जवानांच्या जिवाशी खेळ आहे, मी म्हणालो. आणि मग ते बोललो.

"तू विकला गेला, इद्रिस."

मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तू घरी होतास. मग तू हळू म्हणालास, "ठीक आहे. सुनंदाले नमस्कार सांग." आणि फोन ठेवलास.

तू त्या क्षणी एक गोष्ट बोलू शकला असतास. चीनच्या सीमेवर आपले जवान मारले गेले होते त्या वर्षी आमच्या बाजारातल्या लोकांनी चिनी माल जाळला, तेव्हा मीही दिव्यांच्या माळांची दोन खोकी त्यात टाकली होती. फोटो काढून तुला पाठवला होता. आणि दिवाळीच्या तोंडावर तोच माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडून, वेगळं लेबल लावून मागवला होता, कारण गिऱ्हाईक दुसरं घेईना. हेही तुला मीच सांगितलं होतं, एका संध्याकाळी, थोडं लाजत. तेव्हा तू म्हणाला होतास, "दुकान चालवा लागते, त्यात लाज कशाची?" माझं दुकान चालवणं म्हणजे संसार, आणि तुझं बंदर चालवणं म्हणजे गद्दारी. हे एक वाक्य तुझ्या ओठांवर आलंच असणार. ते तू गिळलंस. नऊ महिने मी त्याचीच वाट पाहत होतो, खरं सांगू? तू ते बोलला असतास तर आपण समसमान झालो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि भांडण मिटलं असतं. तू मला तसा सोडून दिलास.

मरियमचा फोन आला त्या दिवशी मी दुकान न उघडताच घरी गेलो. आई आता शहाऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं. तिला कसं सांगायचं याचा विचार करत मी चपला काढल्या. आपलं भांडण तिला माहीत नव्हतं, असं मी समजत होतो. म्हटलं, आधी सांगावं लागेल की बरेच दिवस बोलणं नव्हतं.

मी तिच्याजवळ खाटेवर बसलो. "आई, इद्रिस गेला."

"कुठं गेला?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "शुक्रवारी तर बोलला माह्यासंग!"

मला वाटलं, वयामुळे गडबड होतेय. "कोणता शुक्रवार, आई? नऊ महिने झाले त्याचा फोन नाही."

"तुले नसन. मले दर शुक्रवारी येते. दुपारी. तू दुकानात राहतो तवा."

दर शुक्रवारी, इद्रिस. तुझी नमाज झाली की. सुनंदा तिला फोन लावून कानाशी धरायची, आणि मला काही बोलायची नाही, कारण तिला वाटायचं मला माहीत आहे, किंवा कदाचित माहीत नाही हेच तिला कळलं होतं. मी आईला विचारलं, काय बोलायचा? तिनं पदरानं डोळे पुसले. "काही नाही. जेवली का, गुडघा कसा आहे. अन् तुही शुगर इचारे. दर खेपेले. मी म्हणो, अरे त्यालेच इचार ना. तर म्हणे, तो कामात राहते, तुम्हीच सांगा."

माझी साखर. दर शुक्रवारी.

मी मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. सुनंदानं दार वाजवलं नाही.

दुपारी आईनं विचारलं, "त्याईच्यात तेराव्याचं करतेत का गा?" मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी तुला हे विचारलं नव्हतं. आईनं मग आपल्या मनानंच ठरवलं. तेराव्या दिवशी मटण आणायला सांगितलं. "त्याच्याच दुकानातून आण," म्हणाली. ते दुकान अजून आहे, मालकाचा मुलगा बसतो. मी नाव सांगितलं तर त्याला आठवेना. बेटावरून आलेला, नागपुरी बोलणारा, असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हाँ हाँ, हड्डी कम, बोलनेवाले." मी पैसे दिले आणि पिशवी घेऊन बराच वेळ स्कूटरशेजारी उभा राहिलो. रस्सा तिखट झाला होता. आई जेवली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मरियमचा पुन्हा फोन आला. तिला काही विचारायचं होतं, पण त्याआधी मीच तिला विचारलं. तू त्या दिवशी मला काय सांगणार होतास, जे मी ऐकून घेतलं नाही? तिनं सांगितलं.

चीनच्या त्या जहाजानं सहा दिवस मागितले होते. तू तीन दिलेस. नव्या धक्क्याची आतली जागा मागितली होती, तू बाहेरची दिलीस, लाटा लागतात ती. डिझेल आणि पिण्याचं पाणी घ्यायचं, खलाशी बदलायचे, बस. तुमच्या हद्दीत असेपर्यंत यंत्रं पाण्यात सोडायची नाहीत, आणि बंदराची दोन माणसं जहाजावर राहतील, ही अट तू घातली होतीस. हो म्हणायच्या आधी तू दोन्ही वकिलातींना पत्र पाठवलंस. एकाच मजकुराचं. एकाच वेळी पोचावं म्हणून दोन माणसं एकदम रवाना केलीस. तुझ्या हातात जेवढं होतं तेवढं तू दोन्हीकडे सारखं वाटलंस. आणि दोन्हीकडून तुझ्याबद्दल तक्रार गेली. एकाला अटी अपमानाच्या वाटल्या, दुसऱ्याला होकारच नको होता. महिन्याभरात, दोघांनाही बरं वाटावं म्हणून, तुझ्या वरिष्ठांनी तुला जहाजांना जागा नेमण्याच्या कामावरून काढलं आणि जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, मरियम म्हणाली. पाणी दिसत नव्हतं. ज्या टेबलावर तू डोकं टेकलंस ते त्या खोलीतलं होतं.

तू हे आईलाही सांगितलं नाहीस. गुडघा विचारत राहिलास.

मी मरियमला म्हणालो, "बेटा, मला त्यांनी एकदा तरी सांगायचं." ती काही बोलली नाही. तिच्यात तुझा तो गुण आहे, समोरच्याला त्याच्या मूर्खपणासोबत एकटं ठेवण्याचा.

मग तिनं तिचं विचारलं. तिच्याकडे दोन पत्रं आहेत, दोन शिष्यवृत्त्यांची. एक भारताची, एक चीनची. उत्तर द्यायला थोडे दिवस राहिलेत. तुझा निर्णय होत नव्हता. तू तिला म्हणाला होतास, "नागपूरच्या काकांना विचारतो," आणि रोज उद्यावर ढकलत होतास. "ते फोन काढायचे, तुमचं नाव समोर आणायचे आणि ठेवून द्यायचे," ती म्हणाली. "म्हणून आता मीच विचारते. काका, मी कुठे जाऊ? तुमच्याकडे आले तर इथले म्हणतील, ही भारताची झाली. तिकडे गेले तर तुम्ही म्हणाल..."

ती थांबली. पुढचा शब्द तिला येत होता. भांड्यांचा जो आवाज मी ऐकला होता तो तिचा होता, आणि फोन त्या दिवशी स्पीकरवर होता. मराठी तिला तू थोडी थोडी शिकवली होतीस.

इद्रिस, माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मला ती इथं हवी होती. तुझ्या वरच्या खोलीत. आईच्या समोर बसून जेवणारी. मला वाटत होतं, ती आली तर तू थोडासा परत येशील, आणि मला माफ केल्यासारखं होईल. "ये, हे तुझंच घर आहे," एवढं म्हटलं असतं तर ती आलीही असती. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. गळ्याला मिठी.

मी विचारलं, "तुला शिकायचं काय आहे?"

"धक्के बांधायला. आमचा धक्का ज्यांनी बांधला, तेच दुरुस्त करायला येतात. आमच्यात ते कुणालाच येत नाही. मला यायला हवं."

"आणि ते चांगलं कुठे शिकवतात?"

ती म्हणाली, "तिकडे."

"मग तिकडे जा."

मला वाटलं, फोन कटला. मग ती रडत होती हे कळलं. मी म्हणालो, "आणि जाताना वाटेत इथं उतरून जा. आजी वाट पाहते."

"काका, वाटेत नागपूर येत नाही."

"नाही येत. तरी ये."

ती हसली. तुझ्यासारखी नाही हसत, तिच्या आईसारखी हसते. पण हसली.

मरियम चीनला जाणार हे काल बाजारात सगळ्यांना कळलं, माझ्याच तोंडून, सुनंदाशी फोनवर बोलताना. संध्याकाळी टपरीवर दामूभाऊ होते, आणखी चारपाच जण होते. दामूभाऊ वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे, पण त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. "काय गा," ते म्हणाले, "तुह्या त्या दोस्ताची पोट्टी चीनले चालली म्हणतेत? म्हणजे शेवटी ते लोक तिकडचेच निघाले."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कुणीतरी हसायला सुरुवातही केली होती.

मी म्हणालो, "ते लोक नाही, दामूभाऊ. माहा भाऊ होता तो. अन् ती माही पुतणी आहे. शिकाले चालली."

दामूभाऊंनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "होता म्हणजे?"

"गेला. पंधरा-सोळा दिवस झाले."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाजूला सरकून मला बसायला जागा केली.

बस, इतकंच. यासाठी काही मोठं धाडस लागलं नाही, कुणी मला देशद्रोही म्हटलं नाही, माझं गिऱ्हाईक तुटलं नाही. त्या फोटोच्या दिवशीही हाच बाक होता, हीच माणसं होती, आणि हे वाक्य तेव्हाही मला बोलता आलं असतं. तेव्हा तू जिवंत होतास.